सड्यावरच्या डबक्यात उगवणारी लेखणी

श्रावणात पाचगणीच्या टेबललँडवर किंवा कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, उथळ डबकी धुंडाळली, तर काहींमध्ये वीतभर उंचीच्या हिरव्या पात्यांचे झुबके दिसतात. फूल नाही, कळी नाही, रंग नाही. लोक 'लव्हाळा दिसतोय' म्हणतात आणि 'सीतेची आसवं' या रानफुलाचा फोटो काढायला पुढे जातात. त्यातले काही झुबके खरंच लव्हाळ्याचे असतात. काही मात्र आयसोएटीसचे असतात. इंग्रजीत याला क्विलवर्ट म्हणतात. क्विल म्हणजे पिसाची लेखणी. पातं तसंच दिसतं, बुडाशी रुंद, वर गोलसर आणि टोकाला निमुळतं. इथे आपणही क्विलवर्टच म्हणू.

दिसायला गवत, पण नातं किती लांबचं ते बघा. आंबा आणि नेचा एकमेकांना जितके जवळचे आहेत, तितकासुद्धा क्विलवर्ट गवताला जवळचा नाही. नेचे आणि फुलझाडं एका मोठ्या फांदीवरची. क्विलवर्ट ज्या लायकोफाइट गटातला, तो त्याच्याही आधी, सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्याला नेच्यांच्या शेजारी बसवलेलं असतं. ती शिकवण्यापुरती सोय होती, नातं नव्हे.

जगभरात याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. नॉर्वे-स्वीडनच्या थंड तळ्यांपासून पेरूच्या पठारांपर्यंत त्या पसरल्या आहेत. भारतातून पहिली जात शास्त्रात गेली ती कोरोमंडल किनाऱ्यावरची. लिनियसच्या मुलाने 1782 च्या सुमारास तिला आयसोएटीस कोरोमंडेलिना हे नाव दिलं. सह्याद्रीतल्या जातींच्या नावांतच पत्ता लिहिलेला आहे: पाचगणीवरून पंचगनीएन्सिस, सह्याद्रीवरून सह्याद्रीएन्सिस. ही दुसरी जात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांनी नोंदवली.

या झाडाची रचना, त्याचं श्वास घेणं, पुनरुत्पादन आणि त्याच्यावरची संकटं, सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं. डबकं जूनमध्ये भरतं आणि दिवाळीच्या पुढेमागे आटतं. हे वेळापत्रक हाताशी ठेवलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

ओळखायचं कसं

झाड उपटू नका. बाहेरच्या बाजूचं एकच पातं निवडा, बोट त्याच्या बुडापर्यंत सरकवा आणि हलकेच बाजूला ओढा. पातं बुडासकट सुटून येतं. ते बूड पांढरट, पसरट, चमच्यासारखं असतं आणि आतल्या बाजूला खोलगट. त्या खळग्यात एक फुगीर पिशवी दिसली, तर ओळख जवळपास पक्की झाली. हा बीजुककोश, म्हणजे बीजुकांची (स्पोअर्सची) पिशवी. गवतात, लव्हाळ्यात असं काही नसतं.

आता पातं मधोमध आडवं कापा आणि दहापट भिंगातून बघा. चार पोकळ्या दिसतील, दोन मोठ्या आणि दोन लहान, मधून एकच शीर गेलेली. उरलेला तुकडा उजेडासमोर धरा. आत ठरावीक अंतरावर आडवे पडदे दिसतात, कांद्याच्या पातीत जणू कुणी मजले बांधले आहेत. चार पोकळ्या म्हणजे हवेचे नळ आणि पडदे म्हणजे त्यांचे टेकू.

इथे एक फसगत नेहमी होते. त्याच डबक्यात गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, असतो. त्याच्या पानांतही अशी आरपार दिसणारी चौकटींची जाळी असते. ऑगस्टच्या शेवटी त्याच्या दांड्यांवर पांढरी बटणं आली की प्रश्न मिटतो, पण जुलैत दोघेही नुसते हिरवे झुबके असतात. अशा वेळी पात्यापेक्षा बुडावर भरवसा ठेवावा. गेंदाचं पान बुडाशी चपटं असतं, पिशवी नसते.

पिशवीच्या वर, पात्याच्या आतल्या अंगाला, एक बारीकशी जिभिका असते. कोवळ्या पात्यात ती चिकट द्रव स्रवते आणि वाढत्या कोंबाला ओलं ठेवते. भिंगाशिवाय ती सापडणं कठीण, आणि वाळलेल्या नमुन्यात तर नाहीच, म्हणून ताजं पातं जागेवरच बघून घ्यावं.

जमिनीखाली आहे तो दृढकंद, दोन किंवा तीन पाकळ्यांचा, साधारण सुपारीएवढा किंवा त्याहून लहान. दरवर्षी आतून नवा थर तयार होतो आणि बाहेरचा जुना कुजून गळतो. म्हणूनच वर्षानुवर्षं जगलेला कंदसुद्धा फार मोठा होत नाही. पाणी आटल्यावर पाती वाळून उडून जातात. कंद तडकलेल्या चिखलात पडून राहतो आणि जूनमध्ये पुन्हा पाती टाकतो. मे महिन्यात सड्यावर जाऊन 'इथे काहीच नाही' असं लिहिणारा पाहणी-अहवाल याच कारणाने चुकतो.

रवा आणि पीठ

क्विलवर्टला बी नसतं. बीजुकं असतात, आणि तीही दोन प्रकारची. एका पात्याच्या पिशवीत मोठी, गुरुबीजुकं. दुसऱ्या पात्याच्या पिशवीत सूक्ष्म, लघुबीजुकं. साधारणपणे बाहेरच्या, आधी आलेल्या पात्यांत गुरुबीजुकं आणि त्यांच्या आतल्या पात्यांत लघुबीजुकं असतात. पिशवी नखाने फोडून बघितली तर फरक लगेच कळतो. गुरुबीजुकं रव्यासारखी, सुमारे अर्ध्या मिलिमीटरची, कणाकणाने मोजता येणारी. लघुबीजुकं पिठासारखी, बोटाला लागणारी पूड. एका पिशवीत गुरुबीजुकं शंभर ते तीनशेच्या घरात, तर लघुबीजुकं लाखांत.

ही पिशवी स्वतःहून फुटत नाही. पातं कुजतं, पिशवी कुजते, मग बीजुकं चिखलात मिसळतात. तिथून पुढचा प्रवास वाहत्या पाण्याने, पाणपक्ष्यांच्या पायाला लागलेल्या चिखलाने आणि गुरांच्या खुरांनी. म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात क्विलवर्ट उगवलेला दिसला तर त्यात नवल नाही.

पाणी आल्यावर गुरुबीजुकाच्या आत मादी अवस्था वाढते आणि त्याचं कवच वरच्या टोकाला तीन रेषांत उकलतं. लघुबीजुकात फक्त चार शुक्रपेशी तयार होतात. प्रत्येकीला बऱ्याच बारीक शेपट्या असतात आणि ती पोहत मादीपेशीपर्यंत जाते. पाण्याचा थर नसेल तर हे होतच नाही. पहिला जोरदार पाऊस पडून डबकं भरलं आणि मग तीन आठवड्यांची ओढ बसली, तर कोवळी रोपं मरतात. जुने कंद मात्र तग धरतात. कंद आणि बीजुकं अशी दुहेरी तजवीज असल्यामुळेच हे झाड बेभरवशाच्या डबक्यात टिकून आहे.

जात ओळखायचं कामही गुरुबीजुकावरच चालतं. ओलं असताना करडं दिसणारं बीजुक वाळलं की पांढरं होतं. त्याच्या पृष्ठभागावर जातीनुसार गाठी, कंगोरे किंवा जाळी असते, आणि हे सिलिकेचं नक्षीकाम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतं. पात्याची लांबी, रंग, संख्या यांवरून जात ठरवू नये. पाण्याची खोली बदलली की तीच जात दुप्पट उंच होते. शिवाय या प्रजातीत संकर होतात आणि गुणसूत्रांचे संच वाढतात. मूळ संख्या 11 ची. कोरोमंडेलिनाच्या भारतातल्या बऱ्याच झाडांत 33 गुणसूत्रं सापडली आहेत, म्हणजे तीन संच. असा तिहेरी संच दोन सारख्या वाटण्यांत विभागता येत नाही, त्यामुळे नेहमीचं लैंगिक पुनरुत्पादन अडतं आणि झाड आडमार्गाने वाढत राहतं. पुस्तकातल्या जातींच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असं म्हणण्याचं हेच कारण. काही नावं पुढे एकत्र होतील, काही फुटतील.

रात्री जेवणारं झाड

पानफुटीचं पान पहाटे चावलं तर आंबट लागतं आणि दुपारी सपक. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाईन यांनी हे चवीने टिपलं आणि त्यांचं पत्र 1815 मध्ये प्रसिद्ध झालं. कारण आता माहीत आहे. पानफुटी, निवडुंग, अननस ही झाडं दिवसा पर्णरंध्रं बंद ठेवतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ते आम्ल मोडून सूर्यप्रकाशात साखर करतात. कोरड्या जागेसाठी ही युक्ती समजू शकते.

पण 1981 मध्ये जॉन कीली यांनी कॅलिफोर्नियातल्या पावसाळी डबक्यांमधल्या क्विलवर्टमध्ये हेच आम्लाचं चक्र दाखवलं. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या झाडाला पाणी वाचवायची काय गरज?

उत्तर डबक्यातच आहे. उथळ पाण्यात शेवाळ आणि इतर वनस्पती उन्हं चढताच कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. हवेतून नवा वायू पाण्यात उतरतो, पण पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट मंद पसरतो. त्यामुळे दुपारपर्यंत पाणी जवळपास रिकामं होतं आणि त्याचा सामू (पीएच) चढतो. उरलेला कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो. पाण्यातल्या अनेक वनस्पती तो वापरू शकतात, क्विलवर्ट वापरू शकत नाही. रात्री चित्र उलटतं. डबक्यातले सगळे जीव श्वास सोडतात, प्रकाशसंश्लेषण कुणीच करत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. इतर वनस्पती झोपलेल्या असताना क्विलवर्ट शिधा भरून घेतो. निवडुंग पाण्यासाठी रात्रपाळी करतो, क्विलवर्ट कार्बनसाठी. पाणी उतरून पाती हवेत उघडी पडली की त्या पात्यांतलं हे चक्र थांबतं, कारण आता गरज उरत नाही.

तैवानमधल्या आयसोएटीस तैवानेन्सिस या जातीचा जीनोम 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की रात्रपाळी चालवणाऱ्या जनुकांच्या जागण्या-झोपण्याच्या वेळा निवडुंगवर्गीय झाडांपेक्षा वेगळ्या आहेत आणि कार्बन पकडणाऱ्या मुख्य विकराचा एक निराळा प्रकार इथे वापरला जातो. म्हणजे उत्क्रांतीने हीच युक्ती पुन्हा नव्याने, वेगळ्या सुट्या भागांतून जुळवली.

दुसरी सोय मुळांची. क्विलवर्टचं मूळ आडवं कापलं तर आत पोकळी दिसते आणि शीर मधोमध नसून एका कडेला चिकटलेली असते. चिखलात कुजणाऱ्या पदार्थांमुळे कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. तो मुळांतून शिरतो आणि पोकळ्यांच्या नळांतून पात्यांत पोचतो. उलट दिशेने पात्यातला ऑक्सिजन मुळांवाटे चिखलात झिरपतो. पेरूच्या अँडीज पर्वतात 4,000 मीटरच्या वर वाढणाऱ्या आयसोएटीस अँडिकोला या जातीने तर पर्णरंध्रं सोडूनच दिली. ती हवेत उभी असते, पण कार्बन मुळांवाटेच घेते.

कोळशाच्या जंगलातला चुलत वंश

ते कडेला चिकटलेल्या शिरेचं पोकळ मूळ लक्षात ठेवा, कारण जवळपास तसंच मूळ दगडातही सापडतं. युरोप-अमेरिकेतल्या कोळशाच्या थरांखाली लेपिडोडेंड्रॉन या वृक्षाच्या मुळांचे जीवाश्म असतात. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हा वृक्ष दलदलीत 30 मीटरच्या वर वाढत असे. त्याच्या खोडावर गळलेल्या पानांचे शंकरपाळ्याच्या आकाराचे वण असत. बीजुकांचे दोन प्रकार, पानाची जिभिका, पोकळ मूळ, ही सगळी लक्षणं क्विलवर्टमध्ये आजही आहेत. लेपिडोडेंड्रॉन थेट पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. 25 कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर ट्रायासिक काळात प्ल्यूरोमिया नावाचं विनाफांद्यांचं, माणसाएवढं झाड याच वंशात होतं. मग खोड आखूड होत होत कंदापाशी येऊन थांबलं.

इथे एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. हे वाचून चंद्रपूर-वणीचा कोळसाही याच वृक्षांचा असेल असं वाटतं. तसं नाही. आपला गोंडवन कोळसा नंतरच्या पर्मियन काळातला, आणि तो मुख्यतः ग्लोसोप्टेरिस या बीजधारी वृक्षांपासून बनला.

'जिवंत जीवाश्म' हा शब्दही जपून वापरावा. घराणं जुनं आहे, पण आज जगणाऱ्या जाती तेवढ्या जुन्या नाहीत. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सध्याच्या सर्व क्विलवर्टांचा समाईक पूर्वज सुमारे 4.5 ते 6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा. वाड्याचा पाया जुना, वरचं बांधकाम मात्र अलीकडचं.

डबकं बिघडतं कसं

सड्यावरचं डबकं म्हणजे जांभ्याच्या खळग्यात साठलेली काही सेंटिमीटर माती आणि तिच्यावर चार-पाच महिने राहणारं पाणी. या पाण्यात खनिजं फार कमी असतात. क्विलवर्ट सावकाश वाढतो आणि सावलीत हरतो. गरीब, उथळ, आटणाऱ्या पाण्यात दांडगे स्पर्धक येत नाहीत, म्हणून तो तिथे आहे. यातली एकही अट मोडली की तो जातो.

पहिली मोडते ती आटण्याची अट. चांगल्या हेतूने डबकं खोदून खोल केलं जातं, 'पाणी मेपर्यंत राहील' म्हणून. खोदताना वरची माती बाहेर फेकली जाते, आणि कंद व बीजुकांचा साठा त्याच मातीत असतो. बारमाही झालेल्या पाण्यात पाणकणीस आणि मासे येतात. तळं सुंदर दिसतं, क्विलवर्ट संपलेला असतो. जलसंधारणाला विरोध नाही, पण सड्यावर खोदण्यापूर्वी जुलै ते सप्टेंबरमध्ये एकदा पाहणी व्हायलाच हवी.

दुसरी मोडते गरिबीची अट. गाडी धुणं, कपडे धुणं, वरच्या आंबा-काजूच्या बागेतून येणारं खत. फॉस्फरस वाढला की तंतुमय शेवाळ पात्यांवर गोधडीसारखं पसरतं. प्रकाश अडतो आणि दिवसा पाण्यातला कार्बन आणखी लवकर संपतो. डेन्मार्क-स्वीडनच्या तळ्यांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे आणखी एक गोष्ट दिसली. तळाशी सेंद्रिय गाळ वाढला की मुळांतून झिरपणारा ऑक्सिजन पुरत नाही. मुळं आखूड राहतात आणि गाळ भुसभुशीत असल्यामुळे झाड उपटून तरंगू लागतं.

तिसरं कारण सरळ आहे, खळगाच नाहीसा होणं. चिऱ्याची खाण, बॉक्साइटची खाण, सुरुंग लावून केलेले कलमांचे खड्डे, पावसाळी पर्यटनात सड्यावर घातलेल्या गाड्या. चिखलातून गेलेल्या एका चाकोरीने खळग्याचा काठ फुटला तर पाणी चार महिन्यांऐवजी चार दिवस राहतं. अमेरिकेत जॉर्जियाच्या ग्रॅनाइट खडकांवरच्या दोन क्विलवर्ट जातींवर याच तऱ्हेची वेळ आली. खाणकाम आणि वाहनं ही तिथलीही कारणं, आणि 1988 मध्ये त्या दोन्ही संकटग्रस्त म्हणून कायद्याखाली आल्या. आपला सडा महसुली कागदांत बहुतेकदा 'पडीक' असतो. त्या एका शब्दाने झालेलं नुकसान चाकांनी झालेल्यापेक्षा कमी नाही.

गुरांचं काय? माफक चराई चालते. खुरांनी बीजुकं पसरतात आणि उंच गवत आवरलं जातं. रोज शंभर म्हशी त्याच डबक्यात बसत असतील तर मात्र चिखल ढवळून शेण साठतं आणि वर सांगितलेला गाळाचा प्रश्न उभा राहतो.

काय करता येईल

नोंद ठेवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. एका सड्यावरची दहा डबकी निवडा. जून ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी लांबी, रुंदी, सर्वांत खोल जागेची खोली, पाण्याचा सामू आणि झुबक्यांची संख्या लिहा. झुबके फार असतील तर दोऱ्याने आखलेल्या अर्धा मीटर चौकोनात मोजा, चौकोन दर वेळी त्याच जागी ठेवा. सामू सकाळी आठला आणि दुपारी तीनला असा दोनदा घ्या. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर वर सांगितलेलं कार्बनचं नाट्य त्या डबक्यात चालू आहे. पाणी आलं ती तारीख आणि पूर्ण आटलं ती तारीख चुकवू नका.

जात ठरवण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एका डबक्यातून दोन-तीन पिकलेली बाहेरची पाती पुरतात. ती कागदी पाकिटात ठेवावीत. प्लास्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी येते आणि बीजुकांवरची नक्षी झाकून जाते. जमीन वनखात्याची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, पाती किती घेतली तेही लिहून ठेवा.

रोपं वाढवायची असतील तर नळाचं जड पाणी टाळा, पावसाचं वापरा. पसरट कुंडीत त्याच सड्याची माती तीन-चार सेंटिमीटर घाला, खत अजिबात नको. दोन्ही प्रकारची बीजुकं मातीवर शिंपडा, वर दोन सेंटिमीटर पाणी, अर्ध्या सावलीची जाळी. फक्त रवा पेरून पीठ विसरलं तर बहुतेक जातींत फलन होत नाही, आणि ही चूक नवखे हमखास करतात. शेवाळ दिसलं की चिमट्याने काढा. औषध घालू नका, कोवळी रोपं त्याच्याबरोबर जातात.

आणि एखादं डबकं रस्त्यात किंवा खाणीत जाणारच असेल, तर निदान माती वाचवा. एप्रिल-मेमध्ये, चिखल पूर्ण सुकलेला असताना, वरचा पाच सेंटिमीटर थर कंदांसकट खरवडा आणि गोणपाटात भरून सावलीत ठेवा. गोणीवर डबक्याची जागा आणि तारीख लिहा. जूनच्या पहिल्या पावसाआधी ती त्याच सड्यावरच्या तेवढ्याच खोलीच्या, पण क्विलवर्ट नसलेल्या खळग्यात पसरा. आधीच क्विलवर्ट असलेल्या डबक्यात ती टाकू नका, दोन जाती एकत्र आल्या तर संकर होऊ शकतो.